कापडाचे तागे

श्रोतेहो, नमस्कार. आज जरा इस्तंबूलला चक्कर मारू. तकसीम चौकातून निघायचं आणि दुसऱ्या टोकाच्या ट्युनेल चौकापर्यंत चालायचं, जेमतेम दीड किलोमीटर. रस्त्याचं नाव इस्तिकलाल, म्हणजे स्वातंत्र्य. १९९० साली तो मोटारींना बंद झाला आणि मधोमध जुनी लाल ट्राम पुन्हा धावू लागली. आपल्या मुंबईची ट्राम १९६४ साली गेली ती गेलीच. तिथे मात्र १९६१ला मोडीत काढलेली ट्राम हौसेनं परत आणली. ती घंटा वाजवत गर्दीतून वाट काढते, पोरं मागच्या दांडीला लटकतात.

या पेठेत पूर्वी ग्रीक, आर्मेनियन आणि ज्यू व्यापाऱ्यांची दुकानं ओळीनं होती. सायप्रस बेटाच्या वादावरून तुर्कस्तान आणि ग्रीस यांच्यात तेढ वाढत होती. ६ सप्टेंबर १९५५ला बातमी आली, की ग्रीसमध्ये थेस्सालोनिकी इथं आधुनिक तुर्कस्तानचा संस्थापक अतातुर्क याच्या जन्मघराजवळ बॉम्ब फुटला. नुकसान किरकोळ होतं, पण एका सायंदैनिकानं त्यावर जादा अंक काढला. तकसीमला सभा भरली आणि तिथून जमाव दुकानांवर तुटून पडला. बॉम्ब ठेवल्याची कबुली पुढं दिली ती थेस्सालोनिकीच्या तुर्की वकिलातीतल्याच शिपायानं!

एका रात्रीत शहरभर पाच हजारांवर घरं, दुकानं, चर्च, शाळा फोडल्या गेल्या. त्या वेळचे फोटो पाहिले, तर माझी नजर मोडक्या दारांवर ठरत नाही. ती कापडावर ठरते. तागेच्या तागे उलगडून रस्ताभर फेकलेले, आणि लोक त्यावरून चालताहेत. कुणीतरी वार मोजून, घडी घालून, फळीवर नीट रचलेलं ते कापड. त्यानंतरच्या वर्षांत शहरातले बहुतेक ग्रीक निघून गेले.

हे फोटो जपले कुणी? फाहरी चोकेर या आरमारी अधिकाऱ्यानं. लष्करी न्यायालयात याच प्रकरणाचं काम त्यानं पाहिलं होतं. आपल्या मृत्यूनंतरच ते लोकांपुढं आणा, असं सांगून त्यानं कागदपत्रं आणि फोटो एका इतिहास संस्थेकडे दिले. २००५ साली, पन्नास वर्षं झाली म्हणून, याच इस्तिकलालवरच्या कलादालनात त्यांचं प्रदर्शन लागलं. आणि पहिल्याच दिवशी राष्ट्रवादी टोळकं आत घुसलं. अंडी फेकली, फोटो फाडले, काही खिडकीतून खाली भिरकावले. खाली तोच रस्ता होता.

पुढं २०१६च्या मार्चमध्ये इथं आत्मघाती स्फोट झाला, चार पर्यटक गेले. १३ नोव्हेंबर २०२२ला, रविवारी दुपारी चारच्या सुमारास, पुन्हा स्फोट. सहा माणसं गेली, त्यांत लहान मुलीही होत्या. बॉम्ब एका बाकावर ठेवलेला होता. दुसऱ्या दिवशी रस्ता खुला झाला. दुतर्फा लाल झेंडे लागले आणि बाक उचलून नेले. दमलेली माणसं आता दुकानांच्या पायऱ्यांवर टेकतात आणि ट्रामची वाट बघतात.