ऑपरेटिंग सिस्टीमची बीटा कोणी वापरायची?

(संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांसमोर दिलेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मित्रांनो, नमस्कार.

बीटा, म्हणजे पूर्ण होण्याआधीच लोकांना वापरून बघायला दिलेली आवृत्ती, कोणी वापरावी यावर आज बोलायचं आहे. मार्च २०२४ मधली एक घटना आधी सांगतो. आंद्रेस फ्रॉइंड हे पोस्टग्रेस या डेटाबेसवर काम करणारे प्रोग्रामर. त्यांच्या एका मशीनवर डेबियन लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमची ‘अनस्टेबल’ शाखा होती. या शाखेत नवी पॅकेजेस सतत येऊन पडत असतात आणि त्यातलं काहीतरी मोडणार हे वापरणाऱ्यानं गृहीतच धरलेलं असतं. ते डेटाबेसचा वेग मोजत होते. त्यासाठी मशीनवर दुसरं काही चालू नको होतं, आणि एसएसएच (दूरच्या संगणकावर सुरक्षित लॉगिन करायचा प्रोग्राम) मात्र उगाचच प्रोसेसर खात होता. लॉगिनला आधी ०.३ सेकंद लागायचे, आता ०.८ लागत होते.

अर्धा सेकंद. तुमच्याआमच्यापैकी बहुतेकांनी तो सोडून दिला असता. फ्रॉइंड त्याच्या मागे लागले आणि एक्सझेड नावाच्या, फायली आकसून ठेवणाऱ्या एका लायब्ररीपर्यंत, म्हणजे इतर प्रोग्राम वापरतात अशा तयार कोडपर्यंत, पोहोचले. तिच्या ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये कुणीतरी जाणूनबुजून चोरवाट ठेवली होती. ठेवणारा ‘जिया टॅन’ या नावानं त्या प्रकल्पात वावरत होता. दोन वर्षांहून जास्त काळ नेकीनं काम करून त्यानं विश्वास मिळवला होता. २९ मार्चला फ्रॉइंड यांनी हे सगळं जाहीर केलं.

आता मुद्दा असा, की तोवर ती चोरवाट कुठवर गेली होती? डेबियनच्या अनस्टेबल आणि टेस्टिंग शाखांत, फेडोरा ४० च्या बीटात, ओपनसुझेच्या टंबलवीडमध्ये आणि लिनक्सच्याच अशा आणखी काही पुढच्या फळीतल्या आवृत्त्यांत. बँका, रुग्णालयं, सरकारी कचेऱ्या ज्या स्थिर आवृत्त्यांवर चालतात, त्यांत ती शिरली नव्हती. उबुंटू या आणखी एका लिनक्सनं आपल्या २४.०४ ची बीटा आठवडाभर पुढे ढकलली आणि चोरवाट आल्यानंतर बांधलेली सगळी पॅकेजेस नव्यानं बांधून घेतली.

फ्रॉइंड यांना हे शोधायला कुणी नेमलं नव्हतं. ते आपलं रोजचं काम अपूर्ण प्रणालीवर करत होते, आणि वेगाकडे पाहायची त्यांच्या डोळ्यांना सवय होती. बीटा आवृत्तीचं मोल मला इथं दिसतं. किती लोकांनी डाउनलोड केली याला माझ्या लेखी फारसा अर्थ नाही. कुणी, कुठल्या मशीनवर आणि कुठल्या कामासाठी वापरली, याला आहे.

लिनक्स तर असाच घडला. ऑगस्ट १९९१ मध्ये हेलसिंकीतला लिनस टॉरव्हाल्ड्स हा विद्यार्थी लोकांना विचारतो, की मी छंद म्हणून एक प्रणाली लिहितोय, तुम्हाला तिच्यात काय हवंय? सप्टेंबरात ०.०१ येते, ऑक्टोबरात ०.०२. आज आपण ज्याला अल्फा, म्हणजे बीटाच्या आधीचा टप्पा, म्हणू त्याच्याही आधीची अवस्था. मग जर्मनीतल्या एका वापरकर्त्याकडून तक्रार आली. त्याच्या मशीनमध्ये फक्त २ मेगाबाइट मेमरी होती, आणि तेवढ्यात कर्नल, म्हणजे प्रणालीचा गाभा, कंपाइल होत नव्हता. टॉरव्हाल्ड्सच्या स्वतःच्या मशीनवर ही अडचण नव्हतीच. तरी त्यानं त्या नाताळात बसून मेमरीतली पानं डिस्कवर टाकायची सोय लिहिली, आणि जानेवारी १९९२ च्या ०.१२ मध्ये ती आली. मिनिक्स या त्या काळच्या दुसऱ्या प्रणालीत ही सोय नव्हती, त्यामुळे लोक लिनक्सकडे वळायला तिची मदत झाली. १.० ही आवृत्ती यायला मार्च १९९४ उजाडला. मधल्या अडीच वर्षांत जे वापरत होते ते सगळे अपूर्ण मालच वापरत होते, आणि त्यातल्या सगळ्यात दुबळ्या मशीनवाल्यानं प्रणालीला सगळ्यात मोठी गोष्ट दिली.

कंपन्यांचा अनुभव जरा वेगळा आहे. अ‍ॅपलनं १३ सप्टेंबर २००० ला पॅरिसमध्ये मॅक ओएस टेनची पब्लिक बीटा बाजारात आणली, आणि ती फुकट नव्हती. २९.९५ डॉलर द्यायचे, आणि १४ मे २००१ ला ती आपोआप बंद पडणार हेही ठाऊक असायचं. तरी एक लाखाहून जास्त प्रती गेल्या, आणि ७५ हजारांहून जास्त अभिप्राय आले असं अ‍ॅपलनं नंतर सांगितलं. त्या बीटात मेनूपट्टीच्या बरोबर मध्यभागी सफरचंदाचं चिन्ह होतं आणि त्यावर क्लिक केलं तर काहीही होत नसे. जुन्या मॅकवर वर्षानुवर्षं काम केलेल्यांचा हात डाव्या कोपऱ्यातल्या अ‍ॅपल मेनूकडे जायचा आणि तिथं काही नसायचं. लोकांनी जोरात तक्रार केली. २४ मार्च २००१ ला १०.० आली तेव्हा अ‍ॅपल मेनू डाव्या कोपऱ्यात परत आला होता, आणि आजही तिथंच आहे. अ‍ॅपलसारखी कंपनी रचनेच्या बाबतीत सहजी माघार घेत नाही, म्हणून मला या बदलाचं विशेष वाटतं.

आता विंडोजकडे येऊ. इथं थोडं थांबू या, कारण बीटाची सगळी यंत्रणा असूनही काय होऊ शकतं ते इथं दिसतं.

मायक्रोसॉफ्टनं ३० सप्टेंबर २०१४ ला विंडोज इनसायडर हा कार्यक्रम जाहीर केला. नाव नोंदवा, विंडोज १० तयार होत असतानाच वापरा आणि एका ॲपमधून (पुढे त्याची जागा फीडबॅक हबनं घेतली) काय चुकतंय ते कळवा. थोड्याच आठवड्यांत दहा लाख लोकांनी नावं नोंदवली. टप्पेही आखलेले होते. आधी घाईवाल्यांचा गट, मग सावकाश चालणाऱ्यांचा, आणि सगळ्यात शेवटी ‘रिलीज प्रीव्ह्यू’.

मग २ ऑक्टोबर २०१८ ला विंडोज १० ची ‘१८०९’ ही आवृत्ती सर्वांसाठी खुली झाली. काही लोकांच्या डॉक्युमेंट्स फोल्डरमधल्या फायली गायब व्हायला लागल्या. चार दिवसांत मायक्रोसॉफ्टला वितरण थांबवावं लागलं. कारण काय होतं? विंडोजमध्ये डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असे फोल्डर दुसऱ्या ड्राइव्हवर हलवता येतात. कुणी तसं केलं, पण जुन्या जागी काही फायली तशाच राहिल्या, तर नवं अपडेट तो जुना फोल्डर आतल्या फायलींसकट काढून टाकत होतं. असा कोड लिहिलाच का, असं तुम्ही विचाराल. तर त्याच्या आधीच्या, एप्रिल २०१८ च्या अपडेटनंतर जुन्या जागी रिकामे जुळे फोल्डर दिसतात अशी वापरकर्त्यांची तक्रार होती. ती दूर करायला हा कोड आला. तक्रार खरी होती आणि दुरुस्तीमागचा हेतूही चांगला होता. फक्त जुना फोल्डर रिकामाच असणार, हे गृहीत धरलं गेलं.

याहून मला जास्त लागलेली गोष्ट पुढे आहे. फायली गेल्याची तक्रार इनसायडर मंडळींनी आधीच, काही महिने आधी, फीडबॅक हबमध्ये लिहून ठेवली होती. एकानं नाही, अनेकांनी. पण त्या हबमध्ये तक्रारी वर यायच्या त्या मतांवर. ज्याच्या तक्रारीला जास्त लोक दुजोरा देतील ती वर. आणि फोल्डर हलवून जुन्या जागी फायली ठेवणारे लोक असतात किती? मायक्रोसॉफ्टच्याच सांगण्यानुसार अशा तक्रारींचं प्रमाण एक टक्क्याच्या शंभराव्या भागाइतकं होतं. त्यांना मतं कुठून मिळणार? एखाद्या आयकॉनचा रंग आवडला नाही या तक्रारीला त्याहून जास्त मतं सहज पडतात. शिवाय १८०९ ही आवृत्ती रिलीज प्रीव्ह्यूच्या शेवटच्या टप्प्यातून नेलीच गेली नव्हती.

म्हणजे परीक्षक होते, तक्रार होती, ती लिहायला जागाही होती. ऐकायची पद्धत चुकली. नंतर मायक्रोसॉफ्टनं फीडबॅक हबमध्ये तक्रार किती गंभीर आहे हे नोंदवायची सोय जोडली, आणि १३ नोव्हेंबरला १८०९ पुन्हा वितरित केली. तुम्ही उद्या कुठल्याही कंपनीत बीटाचे अभिप्राय वाचायला बसाल तेव्हा माझी विनंती आहे, मतांचा आकडा बघण्याआधी ‘डेटा गेला’ असं कुठं लिहिलंय का ते शोधा. तसं एकानं जरी लिहिलं असलं तरी वितरण थांबवून चौकशी करण्यासारखं असतं.

हेच सूत्र धरून आपल्या लिप्यांकडे येतो. फेब्रुवारी २०१८ मध्ये आयफोनवर एक तेलुगू अक्षर गाजलं. ‘ज्ञा’ या आपल्या जोडाक्षराचं ते तेलुगू रूप, मध्ये एक न दिसणारा, अक्षरं जुळू न देणारा युनिकोड वर्ण (युनिकोड म्हणजे सगळ्या लिप्यांतल्या वर्णांना क्रमांक देणारी पद्धत). आयओएस ११.२.५ वर हे अक्षर मेसेजमध्ये आलं की ॲप बंद पडायचं आणि पुन्हा उघडायचं नाही. सूचनेत आलं तर फोनचा पहिला पडदाच कोसळायचा. बंगालीतली आणि देवनागरीतलीही काही जोडाक्षरं त्याच सापळ्यात सापडत होती. लोकांनी एकमेकांचे फोन बंद पाडायला त्याचा वापर केला. गंमत म्हणून केला असेल, पण ज्याचा फोन गेला त्याचं काय? १९ फेब्रुवारीला ११.२.६ मध्ये दुरुस्ती आली. त्या वेळी ११.३ ची बीटा चालू होती आणि तिच्यात हा दोष नव्हता. म्हणजे त्या आठवड्यात बीटावाले सुरक्षित होते आणि स्थिर आवृत्तीवाले अडकले होते.

२०११ च्या जनगणनेत तेलुगू मातृभाषा असणारे आठ कोटींहून जास्त होते, मराठी असणारेही. मजकूर मांडणाऱ्या कोडमधली असली चूक कॅलिफोर्नियात बसून इंग्रजीत टाइप करणाऱ्याला दिसणं अवघड आहे. ती आपल्यालाच दिसणार. म्हणून मी म्हणतो, आपल्यापैकी ज्यांना जमेल त्यांनी बीटा वापरावी, आणि मराठीत वापरावी.

काय तपासायचं? ‘दऱ्या’ आणि ‘दर्या’ लिहून बघा. डोंगरातल्या दऱ्यांचा र आणि समुद्राचा र पडद्यावर वेगळा दिसलाच पाहिजे. ‘वऱ्हाड’, ‘सुऱ्या’, ‘तऱ्हा’ लिहा. हे शब्द ‘ऱ’ वापरून लिहिता येतात आणि साध्या र ला जोडणारा अदृश्य वर्ण लावूनही लिहिता येतात. दोन्ही सारखे दिसतात का, आणि एक शोधला तर दुसरा सापडतो का? ‘ॲ’ चं तेच. युनिकोडनं त्याला २००८ मध्ये स्वतंत्र जागा दिली, पण त्याआधीपासून अ वर चंद्र देऊन लिहिलेल्या असंख्य फायली आहेत. मग फायलींची नावं वर्णानुक्रमे लावून बघा. आपल्या वर्णमालेत ळ येतो ह च्या नंतर. युनिकोडच्या तक्त्यात तो ल ला चिकटून आहे, त्यामुळे मराठीचा क्रम न जाणणारी प्रणाली तो चुकीच्या जागी लावते. फोनची भाषा मराठी केली की आकडेही देवनागरी होतात, आणि आकडा इंग्रजीतच असेल असं धरून लिहिलेली ॲप्स तिथं हमखास अडखळतात. हा दोष सापडला तर तो ॲपवाल्यांना कळवा, प्रणालीवाल्यांना कळवून उपयोग नाही.

तक्रार लिहिताना बिल्ड क्रमांक (आवृत्तीचा नेमका क्रमांक), कुठला कीबोर्ड, नेमकं काय टाइप केलं, काय दिसायला हवं होतं आणि काय दिसलं, एवढं द्या. ते वाचणाऱ्याला मराठी येत नाही हे लक्षात ठेवा. ‘अक्षर तुटतं’ एवढ्यावर त्याला काही करता येत नाही. योग्य रूपाचं आणि चुकीच्या रूपाचं चित्र शेजारी शेजारी जोडा, आणि मजकूर कॉपी करता येईल असा द्या, म्हणजे त्यातले अदृश्य वर्णही त्याला मिळतील. एका तक्रारीत एकच दोष.

आणि ज्या फोनवर तुमची बँक आहे, आईवडिलांचे फोन येतात, त्यावर बीटा टाकू नका. यात धाडस वगैरे काही नाही. अँड्रॉइडच्या बीटातून बाहेर पडताना फोन सहसा पूर्ण पुसला जातो. आयफोनवर बीटात घेतलेला बॅकअप जुन्या आवृत्तीवर चढत नाही, म्हणून आधीचा बॅकअप संगणकावर वेगळा राखावा लागतो. विंडोजच्या अगदी पुढच्या चॅनेलमधून मागे यायचं तर सगळं नव्यानं बसवावं लागतं. ज्याच्याकडे जादा मशीन नाही त्यानं व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकाच्या आत सॉफ्टवेअरनं चालवलेला दुसरा संगणक, वापरावं. आठ जीबी मेमरीच्या लॅपटॉपवरही लिनक्सची बीटा त्यात बरी चालते.

सुरुवात कुठून करायची असं मघाशी एकीनं विचारलं. मी फेडोरा सुचवीन. वर्षात दोनदा नवी आवृत्ती येते, आणि त्याआधी बीटाच्या काळात फक्त वेगवेगळ्या भाषा आणि लिप्या तपासण्यासाठी खास चाचणी दिवस ठेवतात. या भाषांच्या कामात फेडोरामागच्या रेड हॅट कंपनीच्या पुण्यातल्या अभियंत्यांचा बराच वाटा राहिला आहे. लोहित हे देवनागरीचे मुक्त फॉन्टही त्यातूनच पुढे आले. बीटा पेनड्राइव्हवर उतरवा आणि तिथूनच चालवा, हार्ड डिस्कला हातही लावावा लागत नाही. पुढची बीटा आली की तो पेनड्राइव्ह घेऊन या. पहिली तक्रार आपण इथंच बसून लिहू.