दंडाच्या आतल्या बाजूला

गंगावेस तालमीतल्या पैलवानानं दंड आवळला, की आतल्या अंगाला पुढच्या आणि मागच्या स्नायूंमधली खाच काखेपासून कोपरापर्यंत ठळक दिसते. हाताची मुख्य धमनी, तिला चिकटलेल्या दोन जोडशिरा आणि बोटांपर्यंत जाणारी मीडियन नर्व्ह याच खाचेतून उतरतात. कित्येक आठवडे केमोथेरपी द्यायची असेल, तर पिक लाइन नावाची लांब नळीही दंडाच्या याच बाजूनं छातीतल्या मोठ्या शिरेपर्यंत सरकवतात. इथं सुई अंदाजानं घालू नये, सोनोग्राफीच्या पडद्यावर शीर बघूनच घालावी.

हात बाजूला काटकोनात, तळवा वर. लिनियर प्रोब (सोनोग्राफी यंत्राचा कातडीवर टेकवायचा सपाट तोंडाचा भाग), 10 मेगाहर्ट्झच्या आसपास. पडद्यावर कातडीखालची खोली 3 सेंटिमीटर ठेवा. पैलवानी दंडाला 4 लागते. जेल भरपूर घ्या आणि प्रोब दंडाच्या मध्यावर आडवा, अगदी हलका टेकवा. जोर पडला तर शिरा चपट्या होऊन पडद्यावरून गायब होतात, आणि चांगली शीर असूनही ‘शीर नाही’ असा शेरा पडतो.

आधी धमनी शोधा. ती गोल, काळी, उडणारी. हलक्या दाबानं मिटत नाही. शेजारच्या जोडशिरा लगेच मिटतात. धमनीला लागून मधाच्या पोळ्यासारखी जाळी दिसते, ती मीडियन नर्व्ह. दंडाच्या वरच्या भागात ती धमनीच्या बाहेरच्या अंगाला असते, मध्यावर बहुतेकांत धमनीच्या पुढून ओलांडते आणि कोपराशी आतल्या अंगाला येते. काहींत मागून ओलांडते. म्हणून एकाच जागी बघून नाव देऊ नये. प्रोब वर-खाली सरकवत माग काढावा.

आता प्रोब आणखी आतल्या बाजूला न्या. तिथं बॅसिलिक शीर आहे: धमनीपासून सुटी, सोबतीला फक्त त्वचेची बारीक नर्व्ह. जोडशिरा सोडून हिची निवड होते ती यामुळेच. टूर्निके (दंडाला आवळायचा पट्टा) न बांधता व्यास मोजा. 4 फ्रेंच (फ्रेंच हे नळीच्या जाडीचं माप) नळी 1.33 मिलिमीटर जाड असते. नळीनं शिरेच्या व्यासाचा 45 टक्क्यांहून जास्त भाग अडवू नये, म्हणजे शीर किमान 3 मिलिमीटर हवी. त्याहून बारीक शिरेत रक्त साकळून गुठळी होण्याचा धोका वाढतो.

दाबूनही मिटत नाही? मग आत गुठळी आहे, नाहीतर ती शीरच नाही. काहींत रेडियल धमनी (अंगठ्याच्या बाजूनं मनगटाकडे जाणारी) दंडातच मुख्य धमनीपासून वेगळी होते आणि कोपराजवळ कातडीखालून जाते. तिला शीर समजून औषध टोचलं, तर बोटं काळी पडण्यापर्यंत वेळ येऊ शकते. रक्ताचा प्रवाह रंगात दाखवणारा डॉप्लर लावून बघायला अर्धा मिनिट पुरतो.

सुई घालताना सगळ्यात जास्त फसवतो तो पांढरा ठिपका. तो टोकाचाच असेल असं नाही. सुईचा मधला भागही तसाच दिसतो, आणि टोक तोवर मागची भिंत फोडून गेलेलं असतं. ठिपका दिसला, की प्रोब ठिपका नाहीसा होईपर्यंत पुढे सरकवा, मग सुई पुन्हा दिसेपर्यंत पुढे न्या. असं करत शिरेत पोचा. रुग्णाला अंगठ्यात किंवा मधल्या बोटात करंट बसल्यासारखं वाटलं, तर सुई मीडियन नर्व्हला लागली आहे. लगेच मागे घ्या.

किडनीच्या रुग्णाला मात्र पिक लाइन शक्यतो नकोच. गगनबावड्याहून डायलिसिससाठी कोल्हापूर गाठणाऱ्याचा मनगटातला फिस्टुला (डायलिसिससाठी धमनी आणि शीर जोडून केलेला मार्ग) बंद पडला, कोपराचाही चालेना, तर पुढचा फिस्टुला याच बॅसिलिक शिरेवर करावा लागतो. त्याचं तपासणीचं रक्तसुद्धा हाताच्या पाठीवरूनच घ्या.