‘बेअरिंग गेलंय, नवीनच घ्या’

आधी हा आवाज ऐका. आवाज कमी करू नका, पूर्ण ऐका.

गिरणी वाटली ना? खालच्या मजल्यावरच्या काकू खरंच एकदा वर येऊन विचारून गेल्या, "काय दळण सुरू केलंय का घरात?" ही आमची फ्रंट लोड वॉशिंग मशीन, नऊ वर्षांची, पुण्यात धायरीतल्या फ्लॅटच्या ड्राय बाल्कनीत उभी आहे. धुताना एकदम शहाणी, पाणी सोडतानाही गप्प, पण स्पिनला लागली की हॉलमध्ये टीव्ही बंद करावा लागतो.

कंपनीचा माणूस आला, व्हिजिट चार्ज घेतला, दार उघडून ड्रम हाताने दोनदा फिरवला आणि म्हणाला, "बेअरिंग गेलंय सर, पण आम्ही बेअरिंग नुसतं बदलत नाही, पूर्ण टब असेंब्ली बदलतो, साडेनऊ हजार होतील, त्यापेक्षा नवीनच घ्या." एक्सचेंजमध्ये जुनीचे किती, तर बाराशे. आई म्हणाली, "बाराशेत तर कपाटाचं दार पण येत नाही."

बेअरिंग म्हणजे ड्रमचा शाफ्ट, मागचा दांडा, ज्यात फिरतो ते गोळ्यांचं कडं. आता त्या माणसाचं निदान चुकलं नव्हतं हां, ते प्रामाणिकपणे सांगतो, आणि त्याने जे केलं ते तुम्ही आत्ता उठून करू शकता. मशीन बंद, प्लग काढलेला, दार उघडा आणि ड्रमची वरची कड धरून वर उचलून बघा. ड्रम आणि बाहेरचा टब दोन्ही मिळून स्प्रिंगवर हलले तर ठीक आहे, तो त्यांचा झोका असतो, पण आतला ड्रम एकटाच टकटक हलला तर समजायचं बेअरिंग ढिलं झालंय. मग हाताने जोरात फिरवून कान लावा. खर्रखर्र आलं की झालं.

हे होतं कसं ते बघायला मागे जाऊ. स्पिनला ड्रम मिनिटाला 1200 फेरे मारतो, म्हणजे सेकंदाला 20, आणि कडेला चिकटलेल्या कपड्यावर त्याच्या वजनाच्या साडेतीनशे पटीहून जास्त जोर येतो. एक ग्रॅमचं बटण त्या वेळी पाव किलोपेक्षा जड झालेलं असतं. हा सगळा भार मागच्या एका शाफ्टवर आणि त्या शाफ्टभोवतीच्या दोन बेअरिंगवर. मशीन त्या वेळी उडून जाऊ नये म्हणून आत चक्क काँक्रीटचे ठोकळे बसवलेले असतात, आम्ही उघडल्यावर आईचा विश्वासच बसेना, "वीट घातलीये आत, फसवलं आपल्याला!"

तर बेअरिंग आणि पाणी यांच्यामध्ये एक रबरी सील असतं, ऑइल सील म्हणतात. खरा गुन्हेगार तोच. सील झिजलं की पाणी मुंगीच्या पावलाने आत शिरतं, ग्रीस धुऊन नेतं, मग गोळ्या गंजतात आणि आवाज यायला लागतो, म्हणजे आवाज येतो तोपर्यंत आत बराच कारभार आटोपलेला असतो. आमच्या टबच्या मागे तांबूस ओघळ आलेला हा इथे दिसतोय बघा, तो किती महिने होता देव जाणे, मागे वाकून बघतंय कोण.

इथे जरा थांबतो, कारण सगळ्या मशीन काही बेअरिंगने जात नाहीत. उलट बहुतेक वेळा भानगड फालतू असते आणि घरात मात्र नवीन घेण्याच्या गप्पा सुरू होतात. पाणीच घेत नाही? नळाचा पाइप मशीनला जोडतो तिथे एक छोटी जाळी असते, आमच्याकडे टँकरचं पाणी येतं, तीन महिन्यात ती गाळाने बंद होते, जुन्या टूथब्रशने घासली की चालू. पाणी सोडत नाही? खाली कोपऱ्यात झाकण असतं, त्याच्या आत फिल्टर, खाली परात ठेवून उघडा, हेअरपिन, सॉक्स, नाणी, काय काय निघतं. सेमी ऑटोमॅटिकचा ड्रायर नुसता गुणगुणतोय आणि फिरत नाही, तर खूपदा कंडेन्सर, म्हणजे मोटरला सुरू करणारा कपॅसिटर, गेलेला असतो, अगदी स्वस्तातला पार्ट. तळमजल्यावर राहत असाल तर उंदीर, तो वायर कुरतडतो. आणि कार्ड, म्हणजे मशीन चालवणारी इलेक्ट्रॉनिक पाटी, पीसीबी, ते मात्र डोकेदुखी, व्होल्टेज वरखाली झालं किंवा पाल आत जाऊन बसली की उडतं, आणि नवीन कार्डची किंमत ऐकून आपण उडतो.

आणि ते दुकानात सांगतात ना, 10 वर्षं वॉरंटी? वॉरंटी कार्ड नीट वाचा, मोटरवर आहे ती. मोटर सहसा जातच नाही हो. जातं तिच्या आजूबाजूचं सगळं.

बरं, आमच्या मशीनकडे. सोसायटीच्या वॉचमनने एका मेकॅनिकचा नंबर दिला. दादा रविवारी सकाळी आले, चहा नको म्हणाले, मग घेतला. वरचं झाकण, काँक्रीट, स्प्रिंगा, हीटरच्या वायरी, एकेक काढत दीड तासात टब बाल्कनीत गोणपाटावर. मग त्यांनी आधी टबच्या कडेने बोट फिरवलं आणि म्हणाले, "वाचली तुमची, स्क्रू आहेत."

याचा अर्थ मला नंतर कळला. टब प्लास्टिकच्या दोन अर्ध्या भागांचा असतो, जुन्या मशीनमध्ये ते स्क्रूने जोडलेले, पण आता बऱ्याच मॉडेलमध्ये ते वेल्ड करून टाकतात, मग आतलं तीनशे-चारशे रुपयांचं बेअरिंग बदलायचं तर करवतीने टब कापा नाहीतर आख्खी असेंब्ली घ्या. कंपन्या म्हणतात गळती कमी होते, असेलही, पण दुरुस्ती मेली ना.

दोन भाग वेगळे झाल्यावर ड्रमच्या मागचा तीन पायांचा भाग बाहेर आला, त्याला स्पायडर म्हणतात. तो ॲल्युमिनियमचा, ड्रम स्टीलचा, आणि मध्ये पावडरचं पाणी, त्यामुळे तो हळूहळू खाल्ला जातो. दादांनी स्क्रू ड्रायव्हरने पांढरी पपडी खरवडली, तिन्ही पाय टोचून बघितले, भुसभुशीत लागतात का. मग शाफ्टवर जिथे सील बसतं तिथे अंगठ्याचं नख आडवं फिरवलं. एकदा, परत एकदा. "नख अडकलं असतं ना, तर मीच म्हणलो असतो नवीन घ्या. खाच पडलेल्या शाफ्टवर नवं सील सहा महिने पण टिकत नाही."

पूर्ण व्हिडिओत मला आवडलेला क्षण हा. साडेनऊ हजारांची दुरुस्ती की अठ्ठावीस हजारांची नवीन मशीन हा आमचा आठ दिवसांचा वाद त्या नखाने मिटवला.

बेअरिंग आणायला मी नाना पेठेत गेलो. मशीनचा ब्रँड सांगायला लागलो तर काउंटरवरच्या काकांनी हात वर केला, "नंबर बोला फक्त." जुन्या बेअरिंगवर कोरलेलं असतं, आमचे 6205 आणि 6206. शेवटचे दोन आकडे गुणिले पाच केले की आतल्या भोकाचं माप, 25 मिलिमीटर, 30 मिलिमीटर, जगात कुठेही जा हेच. म्हणजे बेअरिंग तुमच्या कंपनीचं नसतंच, ते पंपात असतं, मोटरसायकलमध्ये असतं. आणि मला वाटतं खरा प्रश्न हाच विचारायला हवा, मशीन किती वर्षांची हा नाही तर गेलेला पार्ट बाजारातला आहे का फक्त कंपनीच्या गोडाउनमधला. बाजारातला असेल तर बारा वर्षांची मशीनपण उघडा बिनधास्त. कंपनीचाच असेल, टब वेल्ड केलेला असेल, किंवा कार्ड दुसऱ्यांदा उडालं असेल, खालचा पत्रा गंजून भोकं पडली असतील, तर उगाच जीव लावू नका.

युरोपात मार्च 2021 पासून नियम आहे, मॉडेल बंद झाल्यावरही वॉशिंग मशीनचे महत्त्वाचे पार्ट 10 वर्षं मिळाले पाहिजेत. आपल्याकडे 24 डिसेंबर 2022 ला सरकारने राइट टू रिपेअरचं, म्हणजे दुरुस्तीच्या हक्काचं, पोर्टल सुरू केलं, चांगलंच आहे, पण पोर्टल म्हणजे माहिती, पार्ट देण्याची सक्ती नाही. आणि टाकायचीच असेल तर भंगारवाल्याला देऊ नका, ई-वेस्टच्या नियमात वॉशिंग मशीन येते, अधिकृत रिसायकलरकडे द्या.

आमचा हिशोब: दोन बेअरिंग, सील, मजुरी, सगळं मिळून 3,600. जुनी बेअरिंग ठोकून काढताना काकू परत वर आल्या होत्या, त्यांना दादांनीच सांगितलं, "काकू, आजचाच दिवस."

आता आठ महिने झाले, हा आत्ताचा आवाज. ऐकू येत नाहीये ना? चालू आहे ती.

मध्ये एकदाच बंद पडली, पाणी सोडेना. या वेळी मीच परात लावून फिल्टर उघडला, तर दोन रुपयांचं नाणं निघालं, लख्ख चमकणारं. आईने ते नळाखाली परत धुतलं आणि पर्समध्ये टाकलं.