कॉस्ट अप्रोच: घसाऱ्याचा आकडा आला कुठून?

नमस्कार मंडळी! प्रॉपर्टीचा व्हॅल्युएशन रिपोर्ट हातात आला की बहुतेक जण थेट शेवटचा आकडा बघतात आणि फाईल मिटवतात. आज आपण मधलं एक पान उघडूया, कॉस्ट अप्रोचचं, कारण माझ्या मते सगळ्यात जास्त थापा, सॉरी, सगळ्यात जास्त अंदाज त्याच पानावर खपतात.

हिशोब वरवर एकदम सोपा आहे. प्लॉट रिकामा आहे असं धरून जमिनीची किंमत काढायची, वरची इमारत आज नव्याने बांधायला किती खर्च येईल ते बघायचं, त्यातून घसारा वजा करायचा आणि उरेल ते जमिनीच्या किमतीत मिळवायचं. जमिनीचा भाव आसपासच्या रिकाम्या प्लॉटच्या व्यवहारांवरून कळतो, बांधकामाचा दर कॉस्ट मॅन्युअलमधून किंवा कॉन्ट्रॅक्टरकडून मिळतो, फक्त त्यात आर्किटेक्टची फी, परवानग्या, कर्जाचं व्याज आणि डेव्हलपरचा नफा धरायला लोक सर्रास विसरतात. पण खरी गोम आहे घसाऱ्यात.

घसारा म्हणजे नुसती झीज नाही बरं का. छत गळतंय, प्लास्टर सुटलंय, हा फिजिकल. घर ठणठणीत आहे पण एका बेडरूममधून गेल्याशिवाय दुसरीत जाताच येत नाही, हा फंक्शनल. आणि शेजारून हायवे गेला, रात्रभर ट्रकचा आवाज, हा एक्स्टर्नल, यात मालकाच्या हातात काहीच नसतं.

आता बरेच जण काय करतात, इफेक्टिव्ह एज (आजच्या अवस्थेवरून इमारत किती वर्षांची वाटते ते वय) भागिले एकूण आर्थिक आयुष्य (ती एकूण किती वर्षं उपयोगाची राहील ते), 15 भागिले 60, 25 टक्के घसारा, चला पुढचं पान. अहो पण ते 15 आले कुठून? इमारत कागदोपत्री 30 वर्षांची आहे पण वायरिंग, प्लंबिंग, किचन सगळं नवीन केलंय म्हणून 15 धरले, तर हरकत नाही, पण तसं लिहा ना! त्याच 15 च्या जागी 24 टाकले की घसारा 40 टक्क्यांवर जातो, बाकी काहीही न बदलता.

दुसरी भानगड म्हणजे एकच तोटा दोनदा कापणं. हायवेमुळे भाव पडलाय ना, मग जमिनीची किंमत तुम्ही हायवेलगतच्याच प्लॉटवरून काढली असेल तर तो फटका जमिनीपुरता तिथेच बसलाय, आता इमारतीतून एक्स्टर्नल घसारा कापताना इमारतीच्या वाट्याचाच कापायचा, अख्खा नाही. तसंच विनाकारण उंच छताचं. हुबेहूब तशीच इमारत बांधायचा खर्च धरला, म्हणजे रिप्रॉडक्शन कॉस्ट, तर जादा उंचीचा खर्च त्यात आलेला असतो आणि तो कापावा लागतो. पण तेवढ्याच उपयोगाच्या आजच्या पद्धतीच्या इमारतीचा खर्च धरला, म्हणजे रिप्लेसमेंट कॉस्ट, तर तो खर्च मुळात आलाच नाही, मग कापताय काय?

इथे स्टँडर्ड्स येतात. अमेरिकेतले युस्पॅप घ्या, म्हणजे तिथल्या व्हॅल्युअरनी पाळायचे व्यावसायिक नियम, त्यातला 1-4 नियम, त्याचा बी भाग, म्हणतो की विश्वासार्ह निष्कर्षासाठी कॉस्ट अप्रोच लागत असेल तर जमिनीची किंमत, नव्याने बांधायचा खर्च आणि घसारा हे तिन्ही करायचंच, आणि खर्च नि घसारा तुलना करता येईल अशा डेटावरून. किती टक्के घसारा धरा हे तो सांगत नाही, आणि ते बरोबरच आहे. उलट कॉस्ट अप्रोच वगळला तर का वगळला ते रिपोर्टमध्ये लिहावं लागतं, आणि वर्कफाईल, म्हणजे रिपोर्टमागचा डेटा आणि कागदपत्रं, कमीत कमी 5 वर्षं जपून ठेवावी लागते. म्हणजे कोणी विचारलंच तर "अनुभवावरून धरलं" एवढ्यावर सुटका नाही.

बाकी, जुनं घर आणि आसपास भरपूर विक्रीव्यवहार असतील तर या पद्धतीवर फार भर देण्यात मला तरी अर्थ वाटत नाही. शाळा, फायर स्टेशन असल्या सहसा विकल्या न जाणाऱ्या इमारतींना मात्र तिच्याशिवाय भागत नाही, नवीन बांधकामालाही ती छान बसते. आणि हो, या पानावरचा आकडा उचलून इन्शुरन्सला देऊ नका हं, त्यात जमीन मिळवलेली असते आणि घसारा कापलेला असतो, आणि इमारत जळाली तर पुन्हा बांधायला पैसे नव्या बांधकामाचे लागतात.