टॅक्सीचे दोन सेट, एक रिपीटर

मंडळी, समोर सगळे हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाले, बसलेत, तेव्हा रिपीटर म्हणजे काय ते सांगत बसत नाही. टॅक्सीतून उतरवलेले दोन जुने मोबाइल, म्हणजे गाडीत बसवायचे वायरलेस, सेट घ्या, एकानं ऐकायचं, दुसऱ्यानं तेच पुढे पाठवायचं. मोटोरोला जीएम ३०० मिळाला तर उत्तम. त्याच्या पाठीमागच्या १६ पिनांच्या सॉकेटवर आवाज, पीटीटी (बोलताना दाबायचं बटण), सिग्नल आल्याची खूण, सगळं बाहेर मिळतं.

पण आज मी आलोय एकाच गोष्टीसाठी. पॉवर कमी करा!

आमचा पहिला रिपीटर आम्ही ४५ वॉटवर चालवला. आता गाडीतला सेट काय करतो? ड्रायव्हर दहा सेकंद बोलतो, मिनिटभर ऐकतो. उष्णता बाहेर टाकणारं हीट सिंक त्याच हिशेबानं दिलेलं असतं. रिपीटरवर मात्र रविवारचं नेट, म्हणजे सगळ्यांची रेडिओवरची बैठक, पाऊण-पाऊण तास चालायचं. तपासणीला गेलो तेव्हा पेटीवर हात ठेवला, तो झटकन मागे आला. त्याच वेळी शहाणं व्हायला हवं होतं. तिसऱ्या रविवारी नेट ऐन रंगात असताना आवाज गप्प. भर पावसात, चिखलातून डोंगर चढलो. झाकण उघडल्याबरोबर करपल्याचा वास, आणि पीएचा, म्हणजे पॉवर वाढवणाऱ्या भागाचा, बोर्ड तपकिरी पडलेला.

दुसरा सेट बसवताना १५ वॉटवर आणला, वर कॉम्प्युटरचा पंखा लावला, आणि कुणाला काही सांगितलं नाही. महिनाभरात एकानं तरी विचारलं असेल? नाही. ४५ चे १५ म्हणजे ४.८ डीबी (डेसिबल) कमी, सिग्नलची ताकद दाखवणाऱ्या एस-मीटरचं एक घरसुद्धा नाही. आणि खरी अडचण पलीकडून असते. खोऱ्यातल्या माणसाच्या हातात ५ वॉटचा हँडी. त्याचं रिपीटरला ऐकू आलं नाही, तर रिपीटरनं कितीही ओरडून काय होणार?

चिठ्ठी आलीय, पाच मिनिटं उरलीत. डुप्लेक्सर, म्हणजे एकाच अँटेनावर ऐकणं आणि पाठवणं वेगळं ठेवणारा फिल्टर, कबूल केला होता, तो भराभर घेतो.

अँटेना एकच, आणि दोन मीटरच्या बँडवर ऐकायच्या आणि पाठवायच्या फ्रिक्वेन्सीत अंतर फक्त ६०० किलोहर्ट्झ. शेजारी १५ वॉट सुटताहेत आणि रिसीव्हरला ०.२ मायक्रोव्होल्ट ऐकायचंय. पॉवरच्या हिशेबात दोहोंतली तफावत एकावर सोळा शून्यं इतक्या पटींची. म्हणून त्या अर्धा-अर्धा मीटर उंचीच्या कॅव्हिटी, म्हणजे फिल्टरचे धातूचे डबे. पॉवर उतरवली की इथलंही ओझं तेवढंच हलकं होतं.

सेट ते डुप्लेक्सर केबल दुहेरी जाळीचीच घ्या, साध्या आरजी-५८ केबलमधून सिग्नल गळतो. सलग बोलणं आपोआप तोडणारा टाइमआउट तीन मिनिटांचा ठेवा, सीटीसीएसएस, म्हणजे ठरावीक सूर असलेल्या सिग्नललाच रिपीटर उघडणारी सोय, लावा.

तपासताना आधी अँटेनाच्या जागी डमी लोड, म्हणजे पॉवर बाहेर न सोडता जिरवणारी नकली अँटेना. तिथे बारीकसा सिग्नल सोडा आणि ट्रान्समीटर चालू-बंद करा. चालू केल्यावर खरखर वाढली, तर दोष डुप्लेक्सरमध्ये, केबलमध्ये किंवा सेटमध्ये. डमीवर स्वच्छ आणि अँटेनावर खरखर, तर अँटेना, तिची केबल, टॉवरचे गंजलेले नट-बोल्ट, या क्रमानं बघत जा.