ऐकू येणाऱ्या मुलांसाठी सांकेतिक भाषा

सांकेतिक भाषेत ‘देणे’ ही खूण करणाऱ्या हाताची दिशा नीट पाहा. तो बोलणाऱ्याकडून समोरच्याकडे गेला की अर्थ होतो, ‘मी तुला देतो’. तोच समोरून स्वतःकडे आला की, ‘तू मला देतोस’. भारतीय सांकेतिक भाषेतल्या अशा क्रियापदांत कोण कोणाला देतो हे हाताची दिशा ठरवते, तर वाक्य साधे आहे की प्रश्नार्थक, हे चेहऱ्यावरून आणि भुवयांवरून कळते. स्वतःचे व्याकरण असलेली ही पूर्ण भाषा आहे, आणि ऐकू येणाऱ्या मुलांनी ती का शिकावी, याचे पहिले उत्तर या व्याकरणातच आहे.

ही भाषा वापरताना मुलाला जागा, दिशा आणि आकार यांचे भान सतत ठेवावे लागते. ओल्गा कापिर्ची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, इटलीतील प्राथमिक शाळेच्या सुरुवातीच्या वर्गांतील ऐकू येणाऱ्या मुलांना इटालियन सांकेतिक भाषा शिकवण्यात आली होती. दृश्य आणि अवकाश यांच्या आकलनाच्या चाचण्यांत ही मुले, त्याच काळात इंग्रजी शिकणाऱ्या मुलांपेक्षाही, सरस ठरली.

तान्ह्या बाळांबाबत मात्र दावे जपून करायला हवेत. खुणा शिकवल्या की बाळ लवकर बोलू लागते, असे पालकांना पुष्कळदा सांगितले जाते. पण एलिझाबेथ कर्क यांच्या गटाने इंग्लंडमध्ये ४० बाळांवर केलेल्या आणि २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात भाषेची वाढ त्यामुळे वेगाने झाल्याचे आढळले नाही. आढळले ते वेगळेच, आणि आमच्या मते अधिक मोलाचे: खुणा वापरणाऱ्या आया बाळाच्या न बोललेल्या इशाऱ्यांना अधिक प्रतिसाद देत होत्या. खुणांमुळे मूल उशिरा बोलेल, ही भीतीही निराधार आहे. कर्णबधिर आईवडिलांची ऐकू येणारी मुले दोन्ही भाषा एकदमच आत्मसात करतात.

तरीही सर्वांत मोठा लाभ चाचण्यांत मोजता येणारा नाही. २०११ च्या जनगणनेनुसार भारतात श्रवणदोष असलेल्या व्यक्तींची संख्या सुमारे ५० लाख आहे, आणि सर्वसाधारण शाळेत शिकणाऱ्या कर्णबधिर मुलाला शिक्षकांइतकीच, किंबहुना थोडी जास्तच, गरज असते ती मधल्या सुट्टीत गप्पा मारणाऱ्या मित्रांची. अमेरिकेतील मार्थाज व्हिन्यार्ड या बेटावर आनुवंशिक बहिरेपण बरेच असल्यामुळे ऐकू येणारे लोकही लहानपणापासून खुणांची भाषा शिकत, आणि विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत तेथील कर्णबधिर माणसे मासेमारीत, शेतीत आणि गावच्या कारभारात इतरांच्या बरोबरीने वावरली.

आपल्याकडे साधने उभी राहत आहेत. २०१५ मध्ये दिल्लीत स्थापन झालेल्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राच्या शब्दकोशात २०२१ पर्यंत १०,००० शब्द आले, आणि त्याच वर्षी माध्यमिक स्तरावर या भाषेला विषयाचा दर्जा देण्याची घोषणा झाली. शाळांनी हा विषय सुरू करताना, शक्य तिथे, शिकवण्याचे काम प्रशिक्षित कर्णबधिर शिक्षकांकडेच सोपवावे. ही भाषा त्यांची आहे, आणि वर्गातल्या ऐकू येणाऱ्या मुलांना त्या शिक्षकांची ओळख सर्वप्रथम आपले गुरुजी किंवा बाई म्हणूनच होईल.