ताटलीवरचं नाणं आणि सराफाच्या हातातलं नाणं

मंडळी, पडद्यावरची ही ताटली नीट पाहा. चिनी मातीची, साधारण 1730 च्या सुमाराची. मधोमध मुकुट, त्याखाली ढाल, ढालीवर सिंह. त्याच्या एका पंजात तलवार, दुसऱ्यात सात बाणांची जुडी. सात बाण म्हणजे डच प्रजासत्ताकाचे सात प्रांत. खाली डच ईस्ट इंडिया कंपनीची एकमेकांत गुंफलेली अक्षरं, भोवती लॅटिन बोधवाक्य आणि 1728 हे साल. हे साल ताटलीचं समजू नका बरं का. कंपनीसाठी पाडलेल्या डुकाटोन नावाच्या चांदीच्या नाण्याची एक बाजू चिनी चिताऱ्याने जशीच्या तशी उतरवली, सालासकट.

त्याच 1728 च्या डिसेंबरात या कंपनीचं ‘कॉक्सहॉर्न’ हे जहाज हॉलंडहून थेट चीनमधल्या कँटन बंदराला निघालं. पोटात तीन लाख गिल्डरची (गिल्डर म्हणजे डच चलन) चांदी. युरोपच्या मालाला चीनमध्ये फारसं गिऱ्हाईक नव्हतं. चहा हवा तर चांदी मोजा, असा रोखठोक मामला. परतताना चहा, रेशीम आणि चिनी माती. भांडी तळाशी रचायची, कारण त्यांना पाणी लागलं तरी बिघडत नाही. चहा त्यांच्यावर, कोरड्यात.

आता ते नाणं कँटनच्या सराफापुढे ठेवू. (तिथले इंग्रजही त्याला ‘श्रॉफ’च म्हणत.) त्याला मुकुटाचं किंवा सिंहाचं काय? चीनमध्ये सरकारी नाणं तांब्याचं, चौकोनी भोकाचं. चांदी चालायची ती वजनावर. सराफ नाणं वाजवून बघणार, कडा निरखणार, मग काटा काढणार. हा काटा बघण्यासारखा असतो. व्हायोलिनच्या आकाराची चपटी लाकडी पेटी, आत हस्तिदंताची किंवा हाडाची बारीक दांडी, एकच पारडं आणि दोरीने सरकवायचं वजन. दांडीवर बारीक ठिपके कोरलेले, म्हणजे मेस आणि कँडरीन या वजनांच्या खुणा. दहा कँडरीनचा एक मेस, दहा मेसचा एक टेल. स्पॅनिश डॉलर या चांदीच्या नाण्याचा हिशोब सात मेस दोन कँडरीन असा ठरून गेला होता.

नाणं खरं निघालं की पुष्कळदा सराफ त्यावर आपला छाप ठोकायचा, म्हणजे हे मी पारखलंय अशी हमी. पुढचा सराफ आणखी एक ठोकणार. असं होता होता राजाचा चेहरा जायचा, नाणं खोलगट व्हायचं, शेवटी तुकडे पडायचे आणि तेही काट्यावरच खपायचे. डचांच्या जेवणाच्या टेबलावर जे चिन्ह एवढ्या मानाने मिरवत होतं, त्याची बाजारात ही गत! मला या ताटलीतली खरी गंमत इथेच वाटते.

पुढच्या काळातले मोठे पंच-बाउल (पंच नावाच्या पेयाचे वाडगे) पाहिलेत तर त्यांवर कँटनच्या वखारी ओळीने दिसतात, पुढे देशोदेशीचे झेंडे. फ्रेंच झेंडा पांढरा की तिरंगी, यावरून जाणकार बाउलचा काळ सांगतात.

मुंबईचे पारशी व्यापारीही याच कँटनला कापूस नेत, मग अफू. अफूने तर हिशोबच उलटवला. 1830 च्या दशकात चांदी चीनमधून बाहेर वाहू लागली आणि छाप खाऊन विद्रूप झालेले डॉलर हिंदुस्थानातल्या टांकसाळींत वितळायला आले.